जिबेकचा पायबंद आणि चाळीस एप्रन

"शनिवारी दोन म्हणजे दोन," बेरमेतने गुरुवारी जेवता जेवता जाहीर केलं. "दोनला पाच कमी असतील तेव्हा मी मैदानावर उभी असेन. लिहून ठेवा."

कोणी लिहून ठेवलं नाही. कोणी हसलंही नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिचा नवरा तलांत शेवयांच्या वाडग्यात इतका खाली वाकला की त्याचं फक्त टाळकं दिसत होतं. पाच वर्षांचा बेकतुर आईकडे असा बघत राहिला, जणू काही ती आता अख्खा घोडा गिळून दाखवणार होती. सासूबाईंनी पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि तो पुरता मऊ होईपर्यंत वाट पाहिली.

"दोन," त्या म्हणाल्या. "बरं."

त्या एका 'बरं'मध्ये सहा वर्षांचा संसार होता. सासूबाईंना घरात सगळे आपा म्हणत, आणि आपांना सगळं आठवत असे. बेरमेत स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा पोचली होती. बेकतुरच्या बालवाडीत तो ससा झाला होता, तेव्हा ती पोचली तोवर हॉल झाडून झाला होता आणि सशाचे कान काखेत धरून पोरगा पायरीवर बसला होता. तोकमोक शहरातल्या शिवणकारखान्यात ती कटिंग मास्तर होती. कापडाचे साठ थर एका रेषेत कापायची, सूतभर इकडेतिकडे नाही. पण घड्याळाच्या काट्याशी गाठ पडली की हीच बाई हातभर चुकायची.

ती काही आळशी नव्हती. उलट सकाळी साडेपाचपासून ती धावतच असे. बेकतुरचे बूट, धाकट्या जिबेकची लापशी, गाईची धार, मिनीबस, कापड, पुन्हा मिनीबस. धावणारा माणूस वेळेवर पोचतो असा एक समज आहे. बेरमेतला पाहून तो जातो.

ह्या वेळी मात्र गोष्ट जिबेकची होती. तेरा महिन्यांच्या जिबेकचा पहिला दात आपांना सापडला, चमचा खणकन वाजला म्हणून. पहिला शब्द तिने शेजारच्या गाईला ऐकवला. आणि मागच्या बुधवारी, शाळेच्या गणवेशाची ऑर्डर अंगावर असताना, कारखान्यात बेरमेतचा फोन वाजला.

"चालली तुझी पोरगी," आपा म्हणाल्या. "चार पावलं. आता बसलीय."

बेरमेत "बरं झालं" म्हणाली, फोन ठेवला आणि पुढचा थर बोटभर तिरका कापला. सहा वर्षांतला पहिला तिरका थर. तिने तो गुपचूप बाजूला काढला आणि त्यातून खिसे काढले.

म्हणून पायबंद कापायच्या दिवशी तिला तिथे असायचंच होतं. बाकी काहीही हुकलं तरी चालेल, हे नाही.

आता पायबंद म्हणजे काय, तर पोर चालायला लागलं की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी सैलसर बांधतात आणि त्याला मैदानाच्या एका टोकाला उभं करतात. दुसऱ्या टोकाकडून पोरं धावत सुटतात. जो पहिला पोचेल त्याने ती दोरी कापायची. ज्याने कापली त्याच्यासारखं पोर पुढे आयुष्यभर चालतं. सूर्य पूर्वेला उगवतो ह्याबद्दल आपा एखाद वेळी वाद घालू देतील, ह्याबद्दल नाही.

"चोल्पोन जिंकणार," आपांनी ठरवून टाकलं होतं. चोल्पोन म्हणजे त्यांच्या मुलीची मुलगी, बारा वर्षांची, शाळेत धावण्यात पहिली. "काय तिचं चालणं. मान वर, वेण्या जागच्या जागी. पाच मिनिटं आधी येते आणि बसून राहते."

"आणि मी कापली तर?" बेरमेतने एकदा गमतीत विचारलं होतं.

"घरात एक पुरे," आपा म्हणाल्या होत्या.

दोरी आपांनी स्वतः वळली होती. गावाकडच्या काळ्या मेंढीची आणि पांढऱ्या मेंढीची लोकर आणून, मांडीवर पिळून. फक्त टोकं सुटत होती.

"द्या इकडे," बेरमेत म्हणाली. "कारखान्यात मशीनवर दोन टाके घालते. शनिवारी सोबतच घेऊन येते."

आपांनी दोरीचं दुसरं टोक सोडलं नाही. "हरवशील."

"आपा, मी दिवसाला शाळकरी पोरींच्या गणवेशाचे तीनशे एप्रन कापते. एक तरी हरवलाय का?"

"एप्रन हरवला तर मालक ओरडतो. म्हणून हरवत नाही."

"मग तुम्ही ओरडा ना."

"मी ओरडत नाही," आपा म्हणाल्या, आणि ते खरं होतं. त्या फक्त 'बरं' म्हणत. शेवटी त्यांनी टोक सोडलं.

शुक्रवारी अंगणात कपडे वाळत घालताना तलांत इकडेतिकडे बघून जवळ आला.

"ऐक. आईने तुला दोन सांगितलंय ना? म्हणजे पाहुण्यांना तीन सांगितलं असणार. तू निवांत ये."

"म्हणजे?"

"ती तुला कायम एक तास आधीची वेळ सांगते."

बेरमेतच्या हातातली चादर तशीच राहिली. "कधीपासून?"

"लग्नापासून. तुझ्याच आईने तिच्या कानात सांगून ठेवलं होतं."

बेरमेतने मनात आकडेमोड केली. "म्हणजे लग्नाला मी..."

"पाव तास आधी आलीस," तलांत म्हणाला. "आईला अजून आश्चर्य वाटतं."

ह्याचा राग यायला हवा होता. पण तासभर सापडला होता, आणि दोन पोरांच्या आईला तासभर सापडला की राग धरायला वेळ राहत नाही.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस होता. बेरमेतने साडेबाराला दोरीच्या टोकांना टाके घातले, दोरी गुंडाळून कटिंगच्या टेबलावर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. तीनला खूप वेळ होता. शाळा तीन दिवसांवर आलेली. म्हणून तिने आणखी एक थप्पी मांडली. आयुष्यात पहिल्यांदा हाताशी वेळ होता, तो वाया कसा घालवायचा?

थप्पी कापून मान वर केली तर सव्वा वाजला होता आणि टेबल मोकळं होतं.

"सोनून एजे, इथली दोरी कुठेय?"

सोनून एजे म्हणजे गठ्ठे बांधणारी थोरली बाई. वीस वर्षं तेच काम. तिचा चष्मा कायम डोक्यावर असे, डोळ्यांवर कधीच नसे.

"ती होय? सुतळी संपली होती. दिसली दोरी, बांधला गठ्ठा. चाळीस एप्रनचा. चांगली मजबूत होती गं, कुठून आणलीस?"

"एजे, ती माझ्या जिबेकच्या पायांची दोरी होती. काळीपांढरी."

सोनून एजेने चष्मा डोळ्यांवर घेतला. आता बघायला काही उरलं नव्हतं, तरी तिने टेबल नीट निरखलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मी बांधलीय पण अशी घट्ट..."

गठ्ठा कारखान्याचा ड्रायव्हर मकसत ह्याच्या गाडीतून बाजारात गेला होता. बेरमेतने मकसतला फोन लावला. तो भाजीचा समोसा खात होता.

"कंटेनरमधल्या दुकानांच्या रांगेत दिला, ताजीकान बाईंकडे. पण त्या गठ्ठा उघडेनात, बाई. गिऱ्हाइकं भांडतायत. काय घातलंयत तुम्ही त्यात?"

बेरमेत अंगातला कामाचा एप्रन न सोडता, धागे कापायची छोटी कात्री गळ्यात तशीच लटकत ठेवून निघाली.

बाजारात ताजीकान बाई आपल्या दुकानापुढे स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. समोर गठ्ठा, गठ्ठ्याभोवती सात-आठ आया.

"मावशी, एप्रन द्या हो. मंगळवारी पोरीची शाळा आहे," एक जण विनवत होती.

"आत आहेत एप्रन. पळून नाही जात."

"मग कापा ना ती दोरी."

"ही कोणाच्या तरी लेकराच्या पायांची दोरी आहे. मी कापली आणि ते पोर माझ्यासारखं चाललं तर?" ताजीकान बाईंनी आपले सुजलेले गुडघे दाखवले. गुडघे पाहून कोणालाही पटलं असतं.

बेरमेत गर्दीतून घुसली. "माझ्या पोरीची आहे."

"मग सोडव बाई लवकर. धंदा अडलाय माझा."

बेरमेतने नखं लावली, मग दात लावले. गाठ तसूभर हलली नाही. वीस वर्षांत सोनून एजेची गाठ सुटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, ती कापावीच लागत असे. तेवढ्यात फोन वाजला. दोनला दहा कमी.

"कुठे आहेस?" आपा.

"निघालेच, आपा. अजून तासभर आहे."

"कसला तास? सगळे आलेत. भात उतरलाय. पोरं बूट घट्ट करतायत."

"पण पाहुण्यांना तर तीन..."

"कोण म्हणालं तीन?"

पलीकडून, आपांच्या मागून, कोणीतरी खोकलं. तो खोकला तिने हजार माणसांत ओळखला असता.

"गुरुवारी तूच म्हणालीस ना, दोन म्हणजे दोन, लिहून ठेवा," आपा म्हणाल्या. "मी ठेवलं लिहून. सगळ्यांना दोनच सांगितलं. म्हटलं, एकदा बघू."

फोन ठेवल्यावर बेरमेतला तो शेवटचा शब्द चावत राहिला. सहा वर्षांत एकदा त्या बाईने तिच्यावर विश्वास टाकला होता, आणि नेमका तोच तासभर तिने आनंदाने कापून संपवला होता.

"मी गठ्ठाच नेते," ती म्हणाली.

"सगळा?" ताजीकान बाईंनी विचारलं.

"दोरी सुटत नाही. मग काय करू?"

"ने. सोमवारी घेऊन ये. आणि पोरीला माझा पापा दे."

आयांपैकी एकीने गठ्ठा तिच्या हातांत चढवून दिला. चाळीस कडक एप्रन, वजन फारसं नाही पण आकार चांगल्या खाल्ल्यापिल्या बकऱ्याएवढा. मिनीबसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. गठ्ठा चार माणसांच्या मांड्यांवर आडवा झाला आणि कशासाठी ते कळल्यावर सगळ्या गाडीचा झाला.

"ही उंट बांधायची गाठ," एक म्हातारबाबा म्हणाले.

"उंटाची कसली? ही तर जाळं विणणाऱ्यांची," खिडकीतली बाई म्हणाली. "इकडे द्या."

गठ्ठा पुढे गेला. मग मागे गेला. एकाने टाचणी लावून पाहिली, एकीने थुंकी. सिग्नलला ड्रायव्हरने मागे वळून पक्कड लावली. प्रत्येक हाताखाली गाठ थोडी अधिक घट्ट झाली. कापा असं मात्र कोणी म्हणालं नाही. शेवटच्या थांब्यावर म्हातारबाबांनी गठ्ठा खिडकीतून बाहेर दिला आणि म्हणाले, "पळ, पोरी."

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

शाळेमागच्या मैदानाकडे जाणारा रस्ता पाहुण्यांच्या गाड्यांनी बंद झाला होता. बेरमेत पॉपलरच्या रांगेतून आडवी घुसली आणि झाडांमधल्या फटीतून मैदानात बाहेर पडली. उजव्या हाताला, लांब टोकाला, पांढऱ्या टोपीतली जिबेक आपांच्या बोटांना धरून उभी होती. बेरमेतला बाकी काही दिसलं नाही. ती धावत सुटली.

डाव्या हाताला चौदा पोरं रेषेवर उभी होती, आणि नेमक्या त्याच क्षणी तलांतचे काका केनेश ह्यांनी रुमाल खाली केला होता, हे तिला दिसायला हवं होतं. पण मधे चाळीस एप्रन होते.

मागून पावलं वाजायला लागली. मग आरडाओरडा. "मामी, बाजूला. मामी!" बेरमेतला वाटलं, गुणी पोरं आहेत, गठ्ठा घ्यायला धावून येतायत. पण आता थांबून गठ्ठा देत बसायला वेळ कुठे होता? ती आणखी जोरात पळाली. एक चप्पल गेली. केसांचा चाप गेला. अगदी जवळ, कोपराशी, चोल्पोनचा श्वास ऐकू आला, आणि बेरमेतला वाटलं की पोरगी फारच आग्रह करतेय. तिने उरलेला जीव पायांत आणला आणि जिबेकसमोर गुडघ्यांवर पडली.

"आपा," ती धापा टाकत म्हणाली, "दोरी आणली."

मग तिने जिबेकचे पाय पाहिले. पायांत दोरी होती. काळीपांढरी.

"भात गार होत होता," आपा म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत सुया होत्या, आणि सुयांवर तलांतसाठी हिवाळ्याचा काळा मोजा विणायला घेतलेला होता. तो त्यांनी उसवला होता. पांढरा धागा स्वतःच्या शालीच्या झालरीतला. तलांत बाजूला उभा राहून आपल्या अर्ध्या मोज्याकडे बघत होता. कोणाचा मोजा उसवायचा हे आपांनी विचारपूर्वक ठरवलं असावं.

केनेश काकांनी घसा खाकरला. "पहिली आली बेरमेत."



"असं कसं?" तलांतची बहीण दामीरा, म्हणजे चोल्पोनची आई, पुढे आली. "ती मधूनच शिरली. अर्धं मैदान तर धावलीच नाही."

"पण ओझं घेऊन धावली," केनेश काका म्हणाले. "फिट्टंफाट."

"आईने कधी कापतात का?"

"आईने कापू नये असं कुठे सांगितलंय?"

"आतापर्यंत कोणी कापलेलं नाही."

"आतापर्यंत कोणी गठ्ठा घेऊन पळालेलं नाही."

म्हातारी मंडळी दोन्ही बाजूंना वाटली गेली. बेरमेत अजून गुडघ्यांवरच होती. मैदानावर सत्तर माणसं होती आणि तिच्या पायात एक चप्पल.

"आपा, चोल्पोनला कापू द्या," ती हळूच म्हणाली. "मला फक्त इथे असायचं होतं. मी आहे."

"मामीलाच कापू दे, आजी," चोल्पोन म्हणाली. तिच्या वेण्या जागच्या जागी होत्या, पण चेहरा लाल झाला होता. "मी खरंच पळाले. मला नाही गाठता आलं."

सगळे आपांकडे बघायला लागले. आपांनी सुनेकडे पाहिलं. सुटलेले केस, एक अनवाणी पाय, गळ्यात कात्री, हातांत दुसऱ्यांच्या पोरींचे कपडे. बराच वेळ पाहिलं, चहात पाव मऊ होतो तेवढा.

"म्हणजे जन्मभर अशीच धावणार ही पोर," त्या म्हणाल्या.

त्यांनी एका हाताने जिबेकची टोपी सरळ केली.

"पण पोचेल," आपा म्हणाल्या. "काप."

केनेश काका सुरी काढत होते, पण बेरमेतने गळ्यातली छोटी कात्री घेतली. हाताखालून लाखो थर गेलेल्या त्या बाईने इतकं हळू कधी कापलं नव्हतं. मोज्याचा धागा कट्ट करून तुटला. आपांनी जिबेकची बोटं सोडली.

जिबेकने खाली पाहिलं. मग आईकडे पाहिलं. बेरमेतने दोन्ही हात पसरले.

जिबेक वळली आणि चालण्याच्या भानगडीत न पडता थेट धावत सुटली, उलट्या दिशेला, मागे चादरीवर मांडलेल्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांकडे. सहा पावलं गेली, तोंडावर आपटली, उठली, टोपी तिथेच टाकली आणि पुन्हा धावली. बेरमेतने ही सगळी पावलं पाहिली. एकही हुकलं नाही.

"लागला गुण," आपा म्हणाल्या. "आता दोघींना तासभर आधीची वेळ सांगायला लागणार."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर घरी चहा झाला. बेकतुर शर्यतीत मिळालेली खाऊची टोपली घेऊन आईला टेकून बसला होता आणि शर्यतीत तो नववा आला हे पाचव्यांदा सांगत होता. जिबेक एका हातात अर्धा खाल्लेला गोळा धरून एप्रनच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिला न उठवता आपा शेजारी बसून विणायच्या सुईने गाठ सोडवत होत्या. दीड तासाने सोनून एजेची गाठ सुटली. वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि न कापता.

आपांनी दोरी सरळ केली, बोटांवर गुंडाळली, रुमालात बांधली आणि पेटीचं झाकण उघडलं.

"ती कशाला ठेवताय, आपा?" बेरमेतने विचारलं. "काम तर झालं."

"काम मोज्याने झालं. ही कोरीच आहे."

"मग?"

"पुढच्या पोराला होईल."

तलांतने चहाच्या वाटीत तोंड घातलं. आपांनी पेटी बंद केली आणि सुनेकडे शांतपणे पाहिलं. त्यांना घाई नव्हती.

बेरमेत उठली, खुंटीवरची पिशवी घेतली आणि उरलेली एक चप्पल पायात सरकवली.

"कुठे निघालीस?"

"सोमवारी कारखान्यात लवकर पोचायचंय."

"आज शनिवार आहे," आपा म्हणाल्या.

"म्हणूनच," बेरमेत म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती कुठेतरी वेळेच्या आधी निघाली होती.